एकट्याची गाडी

लेहच्या वाटेवर झिंगझिंगबार सोडून बारालाचा खिंडीकडे चढताना रस्त्याला आडवा ओढा येतो. सकाळी सातला त्याचं पाणी घोट्याएवढं असतं. दुपारपर्यंत वरचा बर्फ वितळतो आणि तेच पाणी गुडघ्याला लागतं. २०१९ च्या जुलैत मी तिथे दुपारी अडीचला पोचलो. पाण्याखालच्या गोट्यावरून पुढचं चाक घसरलं आणि गाडी उजव्या कुशीवर आडवी झाली. मला लागलं नव्हतं. किल्ली बंद केली, कंबर वाकवली आणि उचलायला लागलो. पेट्रोलसकट गाडी १९० किलोच्या पुढे, वर पंचवीस किलो सामान, आणि उंची साडेचार हजार मीटर. दोनदा जोर लावला. दोन्ही वेळा ती वीतभर उठली आणि परत पाण्यात बसली. तिसऱ्या वेळेला छातीत हवाच उरली नव्हती. सामानाच्या दोऱ्या भिजून आवळल्या होत्या, त्या सुटेनात. पुढची पंचवीस मिनिटं मी बर्फाच्या पाण्यात उभा राहून खालच्या वळणाकडे बघत होतो. मग एक ट्रक आला, ड्रायव्हर आणि क्लीनर उतरले, तिघांनी मिळून गाडी उभी केली.

ती गाडी घेताना मी दोन महिने अभ्यास केला होता. इंजिन, ॲव्हरेज, टाकी, सस्पेन्शन, सुटे भाग, सगळं वहीत उतरवलं होतं. त्या वहीत एक प्रश्न नव्हता: पडली तर ही मला एकट्याला उचलता येईल का? लांबच्या एकट्या प्रवासासाठी गाडी कोणती घ्यावी, हे आज कोणी विचारलं तर मी याच प्रश्नापासून सुरू करतो. बाकीचे प्रश्न त्याच्यामागे येतात, आणि गंमत म्हणजे त्यांतले बरेचसे याच एका उत्तराने सुटतात.

ग्रुपने जाणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. चार गाड्यांत एक ट्यूब, एक टूलकिट आणि एक जाणकार माणूस असला तरी भागतं. गाडी आडवी झाली की मागून दोघे धावत येतात. पुष्कळ टूरमध्ये मागे मेकॅनिक आणि सुट्या भागांचा टेम्पोही असतो. तिथे मोठी, जड, गुंतागुंतीची गाडी चालून जाते. यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले अशा प्रवासातून आलेले असतात आणि एकटा निघणारा माणूस ते जसेच्या तसे उचलतो.

आधी जे लोक एकटे गेले त्यांनी काय वापरलं, हे पाहण्यासारखं आहे. ॲन-फ्रान्स दोतव्हिल ही फ्रेंच पत्रकार १९७३ मध्ये १२५ सीसीच्या कावासाकीवर एकटी जगप्रवासाला निघाली. त्याच वर्षी टेड सायमन लंडनहून ट्रायम्फच्या ५०० सीसी टायगर १०० वर निघाला आणि चार वर्षांनी परतला. वाटेत भारतही होता. एल्स्पेथ बिअर्ड ही लंडनची तरुणी १९८२ मध्ये जुन्या बीएमडब्ल्यू आर ६०/६ वर निघाली आणि १९८४ मध्ये जगाला फेरी मारून घरी आली. तिचा प्रवासही भारतातून झाला. याउलट चे गव्हेरा आणि त्याचा मित्र १९५२ मध्ये ज्या ५०० सीसी नॉर्टनवर निघाले, तिचं नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे सामर्थ्यवान. दोन माणसं आणि सामान वाहून ती चिलीत संपली, आणि पुढचा प्रवास त्यांनी मिळेल त्या वाहनाने केला. अलीकडचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. नोराली ही डच भूवैज्ञानिक २०१८ मध्ये भारतात आली, तिने रॉयल एनफिल्डची हिमालयन घेतली, तिचं नाव बसंती ठेवलं आणि ती चालवत नेदरलँड्सला घरी गेली. पुढे तिने गाडी बदलली. पैसा आणि नाव दोन्ही हाताशी असताना ती मोठ्या इंजिनाकडे गेली नाही, होंडाच्या ३०० सीसीच्या हलक्या गाडीकडे वळली. हजारो किलोमीटर एकटीने काढल्यानंतरची ही निवड आहे.

आपल्याकडे प्रश्न विचारला जातो तो असा: ‘किती सीसीची घेऊ?’ लग्नाला स्थळ पाहताना पगार विचारावा तसा हा आकडा पहिला येतो. म्हणून आपले रस्ते या आकड्याबद्दल काय सांगतात ते पाहू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर बंदी आहे. अटल सेतूवर बंदी आहे. बंगळुरू-म्हैसूर मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर २०२३ पासून बंदी आहे. चौपदरी महामार्गावर दुचाकीची केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. म्हणजे देशातल्या सर्वांत वेगवान रस्त्यांपैकी कितीतरी रस्त्यांवर आपल्याला प्रवेश नाही, आणि जिथे प्रवेश आहे तिथे ८० च्या वर जायचं नाही. पुण्याहून बेळगाव, हुबळीमार्गे दक्षिणेत उतरणारा ४८ क्रमांकाचा महामार्ग घ्या किंवा पनवेलहून कोकण, गोवा, कारवार, केरळ करत कन्याकुमारीला जाणारा ६६ क्रमांकाचा घ्या, बैलगाडी, उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर, दुभाजकातून निघणारी म्हैस, हे सगळं तिथे आहेच. दिवसाला साडेतीनशे-चारशे किलोमीटर झाले की शहाणा माणूस अंधाराआधी मुक्काम शोधतो. एवढ्यासाठी ताशी १५० धावणारी गाडी लागत नाही. ८० चा वेग जी गाडी न थरथरता, न कुरकुरता दिवसभर धरते आणि ट्रकला ओलांडताना थोडी ताकद राखून असते, ती पुरेशी. माझ्या मते हा उंबरठा २०० सीसीच्या आसपास ओलांडला जातो. त्याच्या खालीही लोक जातात, ते पुढे सांगतो.

उंचीचा मुद्दा इथेच घेतो, कारण ‘लडाखला मोठं इंजिन लागतं’ हे वाक्य फार ऐकू येतं. हवा विरळ झाली की इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि ताकद घटते. खारदुंगला ५३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि साध्या इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात उतरते. हे लहानमोठ्या सगळ्या इंजिनांना सारखंच लागू आहे. पूर्वी कार्ब्युरेटरच्या गाड्या वर गेल्या की पेट्रोल जास्त ओढायच्या, काळा धूर सोडायच्या, प्लग काळा पडायचा. २०२० मध्ये बीएस ६ आल्यावर बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. हवेप्रमाणे पेट्रोलचं माप आपोआप ठरतं, त्यामुळे तो त्रास गेला. उरलेल्या निम्म्या ताकदीवर किती वजन चढवायचं आहे, हा खरा प्रश्न. एकटा माणूस, आटोपशीर सामान आणि हलकी गाडी असेल तर ९७ सीसीची स्प्लेंडरही खारदुंगला चढते. दरवर्षी चढतात. पहिल्या गिअरमध्ये, सावकाश, पण चढतात. ११२ किलोची ती गाडी ओढ्यात पडली तर एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागचं कॅरिअर धरून उभी करता येते. स्प्लेंडरवर लेहला गेलेल्या माणसाला मी कधीच हसणार नाही. दहा तास बसायला तिचं सीट त्रासाचं आहे आणि महामार्गावर मागून येणाऱ्या बसच्या झोताने ती हलते, म्हणून मी तिची शिफारस करत नाही, एवढंच.

आता वजन आणि उंची. गाडीच्या माहितीपत्रकात दोन आकडे सगळ्यात आधी पाहा: पेट्रोलसकट वजन आणि सीटची उंची. हीरो एक्सपल्स २०० ४व्ही साधारण १५८ किलो आहे. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७. केटीएम ३९० ॲडव्हेंचर, २०२० मध्ये आली ती, १७७. होंडाची हायनेस सीबी ३५०, १८१. ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्स १८५. रॉयल एनफिल्ड मिटिऑर १९१. बजाज डॉमिनार ४०० १९३. हिमालयन ४५० १९६, आणि तिच्या आधीची ४११ सीसीची हिमालयन १९९. सुपर मिटिऑर ६५० थेट २४१, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या १३०० सीसीच्या जीएसपेक्षाही चार किलो जास्त. एक्सपल्स आणि हिमालयन यांच्यातला फरक ३८ किलो आहे. गॅसचा भरलेला सव्वा सिलिंडर जादा उचलावा लागल्यासारखा हा फरक पाण्यात उभं असताना लागतो.

सीटची उंची याच्या उलट बाजूने त्रास देते. जड गाड्या बहुधा बुटक्या असतात: सुपर मिटिऑर ७४० मिलीमीटर, मिटिऑर ७६५. हलक्या, खडबडीत रस्त्याच्या गाड्या उंच: एक्सपल्स ८२५, स्क्रॅम्बलर आणि व्ही-स्ट्रॉम ८३५, ती केटीएम ८५५. आपल्याकडच्या साडेपाच फुटी माणसाचे ८५५ वर दोन्ही पाय टेकत नाहीत. एका पायाचे चवडे टेकतात. रस्ता सपाट असेल तर तेवढं पुरतं. उताराला, खडीवर, पाण्यात गाडी थांबली आणि ज्या बाजूला पाय टाकला तिथे खड्डा निघाला की तोल गेलाच. मुलींना आणि बुटक्या स्वारांना लोक सरसकट ‘ही गाडी तुझी नाही’ म्हणून टाकतात, ते मला पटत नाही. सीटचा फोम कापून घेता येतो, काही गाड्यांना कमी उंचीचं सीट मिळतं (हिमालयन ४५० चं सीट तर ८२५ आणि ८४५ अशा दोन उंचींवर बसतं), आणि अर्ध्या सीटवर सरकून एक पाय पूर्ण टेकण्याची सवय महिनाभरात होते. हलकी आणि उंच किंवा जड आणि बुटकी, यांतून निवड करायची झाली तर मी हलकी आणि उंच घेईन. तोल गेला तरी १५८ किलो मांडीने रोखता येतात, २४१ नाही.

उचलण्याची पद्धतही सांगून ठेवतो, कारण ती मला त्या ओढ्यानंतर शिकायला मिळाली. हाताने आणि कंबरेने गाडी उचलू नये. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढावा, म्हणजे उचलली की ती पलीकडे कलंडत नाही. गिअर टाकून ठेवावा, म्हणजे चाक फिरत नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकावं, उकिडवं बसावं, एका हातात हँडलची मूठ आणि दुसऱ्या हातात मागचा दांडा धरावा आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर एकेक पाऊल मागे सरकत उभं राहावं. हमालाचं ओझं उचलणं पाहिलं असेल तर हे चटकन समजतं. या पद्धतीने मी आता १६० किलोची गाडी सामानासकट उचलतो. १९६ ची सपाट डांबरावर उचलली आहे, चिखलात जमलेली नाही. तुमचा आकडा तुमचाच असेल. तो घरी, गादी टाकून, मित्राच्या मदतीने काढून ठेवा.

मग या यादीतली कोणती? प्रवासाचा बहुतेक भाग डांबरी असेल, म्हणजे पुणे-कन्याकुमारी किंवा नागपूर-जैसलमेर, तर ३५० सीसीच्या होंडा आणि रॉयल एनफिल्ड उत्तम. ताकद २० पीएसच्या आसपासच, पण ओढ खालच्या वेगाला मिळते. मिटिऑरचे २७ न्यूटन-मीटर ४००० फेऱ्यांवर येतात. त्यामुळे गावातून, घाटातून गिअर सारखे बदलावे लागत नाहीत आणि संध्याकाळी मनगट दुखत नाही. डॉमिनार आणि केटीएम या दोन्ही चाकणला बनणाऱ्या गाड्या महामार्गावर फार ताकदीच्या आहेत. डॉमिनार ४० पीएस, केटीएम ४३. पण केटीएमची ताकद वरच्या फेऱ्यांत आहे. कात्रजच्या गर्दीत ती अस्वस्थ असते, बोगद्यापलीकडे रस्ता मोकळा झाला की खुलते. हिमालयन ४५० ही सगळ्यांत समतोल गाडी आहे, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. ४० पीएस, ४० न्यूटन-मीटर, १७ लिटर टाकी, पुढे-मागे २०० मिलीमीटर सस्पेन्शन, २३० मिलीमीटर जमिनीपासून उंची. ८० किलोच्या पिळदार माणसाने ती डोळे मिटून घ्यावी. मी ६२ किलोचा आहे.

माझी निवड एक्सपल्स. १९ पीएस हा आकडा कागदावर कमी दिसतो आणि भरलेल्या महामार्गावर तो कमी जाणवतोही; ट्रक ओलांडताना आधी बेत करावा लागतो. २०२५ मध्ये आलेल्या २१० मध्ये ती उणीव बरीच भरून निघाली आहे, २४.६ पीएस मिळतात, वजन मात्र थोडं वाढलं. ज्यांना कच्च्या रस्त्यावर फारसं जायचं नाही पण घाट आणि खड्डे हवेत, त्यांच्यासाठी व्ही-स्ट्रॉम एसएक्स ही डांबरावरच्या ३५० आणि एक्सपल्स यांच्या मधली गाडी आहे. तिच्याबद्दल जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही.

टाकीचा हिशेब सोपा आहे, पण लोक तो चुकवतात. अटल बोगदा ओलांडल्यावर तांदीला पेट्रोल पंप लागतो आणि तिथली पाटी सांगते की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे. लेहच्या वाटेवरची ही सगळ्यांत उपयोगी पाटी. पहाडात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ॲव्हरेज पडतं. एक्सपल्सला मैदानात मला ३८ मिळतं, तिथे ३२ मिळालं. १३ लिटरची टाकी म्हणजे ४१६ किलोमीटर, निभावलं. हिमालयनची मोठी टाकी आरामात पोचवते. डॉमिनारचीही टाकी १३ लिटरचीच आहे, पण पेट्रोलची भूक जास्त, तेव्हा सोबत कॅन लागतो. कॅन बांधला की वजन आलं आणि ते बहुधा मागे, उंचावर येतं. महाराष्ट्रात, दक्षिणेत टाकीचा विचार करायची गरज नाही, दर तीस किलोमीटरला पंप आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे ॲव्हरेज थोडं उतरतं, तेही धरून चाला. जुनी, २०२३ च्या आधीची गाडी घेत असाल तर रबरी नळ्या आणि सील तपासून बदलून घ्या.

चाकांबद्दल मात्र जरा थांबतो. तारांच्या रिमचं पुढचं २१ इंची चाक खड्ड्यावरून, दगडावरून जितकं सहज चढतं तितकं १७ इंची चढत नाही. रिम वाकली तरी गावातला सायकलवालाही तारा आवळून ती बऱ्यापैकी सरळ करतो. अलॉय चाक जोरात आपटलं तर तडकतं, आणि तडकलेल्या चाकाला रस्त्यावर उपाय नाही. पण तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, आणि एकट्याच्या प्रवासात ट्यूब म्हणजे तासाभराचा खोळंबा. ट्यूबलेसला खिळा लागला की चाक न काढता पट्टी भरायची, पंपाने हवा मारायची, दहा मिनिटांत पुढे. ट्यूब असेल तर चाक काढा, टायर लिव्हरने टायर उचकटा, ट्यूब ओढून काढा, ठिगळ लावा, परत बसवताना लिव्हरने नवीन भोक पाडू नका. कणकवलीच्या अलीकडे माझ्या पुढच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटला. पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “ह्याला ठिगळ नाही बसणार, आणि एकवीसची ट्यूब इकडे कोणाकडे नाही मिळणार.” माझ्याकडे सुटी ट्यूब होती म्हणून अर्ध्या तासात निघालो, नाहीतर तो दिवस तिथेच गेला असता. तेव्हापासून मी फक्त २१ ची ट्यूब नेतो. ती अडीनडीला मागच्या १८ इंची चाकातही तात्पुरती बसते. तारांची ट्यूबलेस चाकं आता हिमालयन ४५० ला मिळतात. परवडत असतील तर घ्यावीत, एकट्याला दोन्हीकडचं सुख मिळतं.

दुरुस्तीच्या बाबतीत एकटा माणूस गाडी बनवणाऱ्यावर अवलंबून नसतो, रस्त्याकडेच्या गॅरेजवर असतो. साताऱ्याला माझे एक मिस्त्री आहेत, साठीच्या पुढचे, हातांच्या रेषांत ग्रीस मुरलेले. पहिल्या लांब प्रवासाआधी त्यांनी माझ्या गाडीला नवी क्लच केबल जुन्या केबलला लागून, पट्ट्यांनी बांधून ठेवली. दोन्ही टोकं मोकळी, फक्त वाट तयार. मी विचारलं, पिशवीत नेली तर नाही चालणार? “अहो, केबल तुटायला घाटच लागतो,” ते म्हणाले, “आणि घाटात टाकी काढून केबल ओवायला तुम्हाला जमणार आहे का?” जुन्या बुलेटवाल्यांची ही पद्धत. तुटली की दोन टोकं अडकवायची, पाच मिनिटांत गाडी चालू. अशी गोष्ट ज्या गाडीवर करता येते ती गाडी एकट्याची, असं मला मनापासून वाटतं.

नव्या गाड्यांत हे कमी होत चाललं आहे. केटीएम ३९० आणि हिमालयन ४५० मध्ये ॲक्सिलरेटरला केबलच नाही. मूठ फिरवली की सेन्सर सांगतो आणि कंप्युटर पेट्रोल सोडतो. ही व्यवस्था चांगली चालते, गुळगुळीत चालते. पण सेन्सर बिघडला तर गावच्या मिस्त्रीच्या हाती काही नसतं. लॅपटॉप जोडणारं सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. किकही गेली. रॉयल एनफिल्डच्या नव्या ३५० इंजिनाला किक नाही. बॅटरी बसली की धक्का द्यायचा, आणि एकट्याने १९५ किलोची गाडी चढावर ढकलत चालू करणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्याला विचारा. म्हणून बॅटरी दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर निघण्याआधी बदला. एबीएस मात्र हवंच. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते २०१९ पासून सक्तीचं आहे, आणि ओल्या घाटात एकट्याला वाचवणारी याच्याइतकी दुसरी गोष्ट नाही. ज्या गाडीत कच्च्या रस्त्यावर मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं ती आणखी बरी.

सामानाचं वजन हा गाडीच्या निवडीचाच भाग आहे, कारण १५८ किलोची गाडी घेऊन तिच्यावर ४० किलो बांधणारे मी पाहिले आहेत. वीस किलोची मर्यादा घाला. जड वस्तू खाली आणि दोन चाकांच्या मध्ये, हलक्या वर आणि मागे. लोखंडी पेट्या दिसायला रुबाबदार असतात आणि कुलूप लागतं हा त्यांचा गुण, पण गाडी पडताना पाय त्यांच्याखाली सापडला तर मोडतो. एकट्याने कापडी सॅडल बॅगच घ्याव्यात. चोरीची काळजी मात्र खरी आहे. २०२५ मध्ये मुंबईहून जगप्रवासाला निघालेल्या एका स्वाराची गाडी ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमला चोरीला गेली, कागदपत्रं आणि सामानासकट. पासपोर्ट, पैसे, फोन अंगावरच्या पिशवीत, गाडीवर कधीच नाही. रात्री गाडी लॉजच्या आवारात आणि डिस्कला कुलूप.

पैशाच्या बाजूने एक गोष्ट अलीकडे बदलली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्याच्या वर ४० टक्के. आधी हा फरक २८ आणि ३१ टक्के एवढाच होता. कारखान्यातली दोन लाखांची गाडी धरली तर कराचाच फरक ४४ हजारांचा. त्यात चांगलं जॅकेट, हेल्मेट, बूट, सॅडल बॅग येतात आणि लेहचा पेट्रोलचा खर्चही निघतो. जुनी ४११ सीसीची हिमालयन सध्या सेकंडहँड बाजारात भरपूर मिळते. तिचं काम साधं आहे आणि ते बहुतेक मिस्त्रींना येतं. पाहायला जाताना हँडल मोकळं करून सावकाश डावीउजवीकडे फिरवा, मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट गेला. पुढच्या शॉकअपच्या दांडीवर बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलं. चेन सेट, ब्रेक पॅड, टायर यांचा खर्च किमतीतून वजा करा. परराज्यातली असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि भाड्याची गाडी? लेहपर्यंत विमानाने जाऊन तिथेच गाडी घेणं पुष्कळांना परवडतं. लडाखमध्ये बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्या नुब्रा, पँगाँगकडे जाऊ देत नाहीत, स्थानिकच घ्यावी लागते. पण स्वतःची गाडी चंदीगडपर्यंत पार्सलने पाठवणं हा मधला मार्ग मला आवडतो. पार्सल ऑफिसात टाकी पूर्ण रिकामी करून, गोणपाट बांधून गाडी द्यायची. आरसे आधीच काढून पिशवीत ठेवावेत.

शेवटी टेस्ट राइड. एका शोरूमने मला सिग्नलपर्यंत जाऊन यायला सांगितलं होतं, जेमतेम दोन किलोमीटर. एवढ्यात सीटचं काहीच कळत नाही. सीट, हँडल आणि फूटरेस्ट हा त्रिकोण तुमच्या शरीराला बसतो की नाही, हे तिसऱ्या तासाला कळतं, जेव्हा शेपटीचं हाड, मानेचा मणका आणि तळहात बोलायला लागतात. ओळखीत कोणाकडे ती गाडी असेल तर मागा, नसेल तर दोन दिवस भाड्याने घ्या. सामान बांधा, ताम्हिणी उतरून माणगावला जा, वरंध घाटाने परत या. रस्त्यात थांबून, उतारावर, एकदा मुद्दाम वळवून पाहा. उभं राहून चालवताना हँडल फार खाली राहत असेल तर वाकावं लागेल, मग दोन सेंटीमीटरचे रायझर टाकावे लागतील. हे सगळं घराजवळ कळलेलं बरं.

नवी गाडी घेतली की पहिलं सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरच्या आसपास असतं. ऑइल बदललं जातं, नट आवळले जातात, चेन ताणली जाते. दुसरं सर्व्हिसिंग होईपर्यंत लांब निघू नका. तोवर तीन दिवसांची एक कोकणफेरी करा, पावसाआधी आणि सामानासकट. कोणता स्क्रू सैल होतो, कोणती दोरी घसरते, पावणेदोनशे किलोमीटरनंतर कोणता खांदा भरून येतो, ते वहीत लिहा. जुलैत लेहला निघणार असाल तर गाडी मार्चमध्ये दारात हवी.